मालदीवचं ‘सगळं धरून’ रिसॉर्ट आणि घरची सगळी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या परीक्षा संपत आल्या किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या नात्यागोत्यात मालदीवचा विषय निघतो आणि फोन सुरू होतात. घरची माणसं घेऊन मी तिथे राहिले आहे, आणि ओळखीच्यांची बुकिंगं करून देताना रिसॉर्टांशी ईमेलवर बरीच घासाघीसही केली आहे. हनिमूनला जाणाऱ्यांसाठी माहितीचा पूर आहे. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं अशा कुटुंबासाठी फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे प्रश्न आणि उत्तरं. माझं सगळ्यांना सांगणं एकच असतं: ‘सगळं धरून’ म्हणजे नेमकं काय काय धरून, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या, आणि बेट निवडताना बरोबर कोण येणार आहे ते आधी बघा, फोटो नंतर.

जेवणखाण आधीच कशाला घ्यायचं? तिथे गेल्यावर बाहेर कुठेतरी खाल्लं तर चालत नाही का?

बाहेर काही नसतंच. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून हीच पद्धत आहे. बेटावर फक्त पाहुणे आणि कर्मचारी. चालायला निघालात की बऱ्याच बेटांची फेरी अर्ध्या तासात पुरी होते. वाटेत ना टपरी, ना वाणी. देशात सुमारे १,२०० बेटं आहेत आणि जमीन सगळी प्रवाळाच्या वाळूची. तांदूळ, डाळ, दूध, बहुतेक भाजी जहाजानं नाहीतर विमानानं येते. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी गोडं करून तयार करतात. साहजिकच मेनूकार्डावर लिंबूसरबताची किंमत बघून धस्स होतं, आणि चार माणसांचं साधं दुपारचं जेवण शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं. म्हणून खोलीच्या भाड्याइतकाच जेवणाचा प्लॅनही सहलीचा खर्च ठरवतो.

हाफ बोर्ड, फुल बोर्ड, ऑल इन्क्लूझिव्ह: यातलं आपल्याला काय परवडतं?

हाफ बोर्डात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. फुल बोर्डात दुपारचंही. ऑल इन्क्लूझिव्हमध्ये तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं आणि पेयं, त्यात दारूही आली.

मुलं बरोबर असतील तर हाफ बोर्ड घेऊ नका. नाश्ता उशिरा आणि भरपूर करू, दुपारचं निभावून नेऊ, असा हिशेब सगळे करतात. पण सकाळी दोन तास पाण्यात खेळलेलं मूल एक वाजता भुकेनं कासावीस होतं आणि मग पिझ्झा रोख दरानं घ्यावा लागतो. शिवाय हाफ आणि फुल बोर्डात पेयं धरलेली नसतात. काही ठिकाणी जेवताना घेतलेल्या पाण्याच्या बाटलीचंही बिल लागतं.

आता ऑल इन्क्लूझिव्ह. त्याच्या दरात दारूचा वाटा मोठा असतो. घरात कुणीच घेत नसेल तर तो पैसा समुद्रात गेला म्हणून समजा. अशा कुटुंबानं रिसॉर्टला सरळ ईमेल करून दोन दर मागवावेत: फुल बोर्डाचा आणि ऑल इन्क्लूझिव्हचा. माणशी दिवसाला फरक किती येतो, आणि मुलांचे ज्यूस, आइस्क्रीम, मोठ्यांचा दोन वेळचा चहा-कॉफी आणि पाणी त्या फरकात बसतं का, हे कागदावर मांडून बघा. काही रिसॉर्ट फुल बोर्डावर फक्त सॉफ्ट ड्रिंकचं वेगळं पॅकेज देतात. ते सगळीकडे जाहीर केलेलं नसतं, विचारावं लागतं. माझ्या मते न पिणाऱ्या कुटुंबाला तेच सगळ्यात सोयीचं. बाबा आणि काका संध्याकाळी बिअर घेणार असतील तर मात्र ऑल इन्क्लूझिव्ह घ्या आणि डोक्याला ताप ठेवू नका.

एका खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकच प्लॅन घ्यायचा, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. आजीला हाफ बोर्ड आणि बाकीच्यांना ऑल इन्क्लूझिव्ह असं जमत नाही.

‘सगळं धरून’मध्ये काय धरलेलं नसतं?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास, म्हणजेच ‘ट्रान्सफर’. तो कधी पॅकेजमध्ये असतो, कधी नसतो. सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं, जाण्यायेण्याचं भाडं मोठ्या माणसाला साधारण चारशे ते सहाशे डॉलर पडतं. चार जणांचं घर असेल तर ही रक्कम मुंबई-मालेच्या विमानतिकिटांहून जास्त होऊ शकते. स्वस्त दिसणाऱ्या पॅकेजात नेमकं हेच गाळलेलं असतं.

दुसरं, उपाहारगृहं. प्लॅन बहुतेक वेळा मुख्य बुफेपुरता असतो. जपानी, इटालियन अशी वेगळी रेस्टॉरंटं असतील तर तिथे जादा पैसे, किंवा मुक्कामात एखाददुसरं जेवण फुकट. मिनीबार रोज भरतात की एकदाच, खोलीत जेवण मागवलं तर ते धरतात का, बार रात्री किती वाजेपर्यंत, हेही विचारून घ्या.

तिसरं, समुद्रातले खेळ. कयाक, पॅडलबोर्ड, स्नॉर्केलिंगचा चष्मा-नळी हे बऱ्याच ठिकाणी फुकट. इंजिन लागलेलं काहीही, म्हणजे जेटस्की, बनाना राइड, डॉल्फिन बघायची बोट, याचे पैसे सहसा वेगळे. स्पा, कपडे धुणं आणि फोटोग्राफर तर वेगळे असतातच.

नाताळात जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं ‘गाला डिनर’ अनेक ठिकाणी सक्तीचं असतं आणि त्याची रक्कम दरडोई वेगळी लावतात. तुम्ही मुलांना घेऊन नऊ वाजता झोपणार असाल तरी ती भरावी लागते.

दरापुढे दोन अधिक चिन्हं असतात, त्यांचा अर्थ काय?

सेवाशुल्क आणि कर अजून लावायचे आहेत. सेवाशुल्क १० टक्के, आणि त्यानंतरच्या रकमेवर पर्यटन वस्तू-सेवा कर. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. म्हणजे ४०० डॉलरची खोली आधी ४४० ची होते आणि कर धरून साधारण ५१५ ची. मेनूकार्डावरच्या किमतींनाही हेच लागू.

याशिवाय ग्रीन टॅक्स. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी दिवसाला १२ डॉलर आहे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. दोन मोठे, दोन मुलं आणि चार रात्री असतील तर १९२ डॉलर होतात. दर मागवताना एकच वाक्य लिहा: ‘सर्व कर, सेवाशुल्क, ग्रीन टॅक्स आणि ट्रान्सफर धरून चौघांची एकूण रक्कम सांगा.’ दोन रिसॉर्टांची तुलना या आकड्यावरच करायची. भारतातल्या टूर कंपनीकडून बुकिंग केलंत तर ती टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आधीच घेतलेला कर, कापते. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपून ठेवा.

सीप्लेनचं बेट घ्यावं की स्पीडबोटचं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

राजधानी मालेचा वेलाना विमानतळ हुल्हुले नावाच्या बेटावर आहे. दारातून बाहेर पडलात की समोर पाणी आणि बोटी. उत्तर माले आणि दक्षिण माले या प्रवाळबेटांच्या समूहांतली रिसॉर्टं स्पीडबोटीनं वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतरावर आहेत. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तरी बोट नेते. भाडंही सीप्लेनपेक्षा पुष्कळ कमी.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. मुंबईचं विमान दुपारी साडेतीनच्या नंतर उतरत असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळेलच असं धरू नका. मग मालेत किंवा शेजारच्या हुल्हुमालेत एक रात्र काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. सामानालाही मर्यादा आहे: माणशी २० किलो आणि हातात ५ किलो, जास्तीचं वजन किलोवर पैसे देऊन. विमान छोटं, पंधराएक माणसांचं. आत पंख्यांचा आवाज एवढा की बोलणं खुणांनी करावं लागतं. आधी लाउंजमध्ये तास-दोन तास थांबावं लागू शकतं, कारण वाटेतल्या दोन-तीन बेटांचे प्रवासी एकत्र करून उड्डाण ठरतं. पण एकदा का ते पाण्यावरून उचललं गेलं की खाली निळ्या पाण्यात हिरवट कडी एकामागोमाग दिसायला लागतात, पुढच्या आसनांवर वैमानिक अनवाणी पायांनी विमान हाकत असतात, आणि लहान मुलं काचेला नाक लावून बसतात. तो अनुभव खरोखर पैसे देण्यासारखा आहे.

माझा सल्ला: बरोबर दोन वर्षांखालचं बाळ किंवा सत्तरीपुढची माणसं असतील आणि मुक्काम तीन-चार रात्रींचाच असेल, तर स्पीडबोटीनं अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल असंच बेट घ्या. पावसाळी हवेत बोट आपटते. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी आणि बोटीत मागच्या बाजूला बसावं. धक्के पुढे जास्त बसतात. मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील आणि पाच रात्री मिळत असतील, तर लांबचं बेट आणि सीप्लेन.

कोणत्या महिन्यात जावं? आम्हाला मे महिन्यातच सुट्टी असते.

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. समुद्र शांत, पाणी नितळ, दर चढे. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे. आपल्याकडे जूनमध्ये पोहोचणारा पाऊस मालदीवला आधी भेटतो.

मे महिना ठरलेलाच असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि घाबरू नका. सर येते, तास-दीड तास कोसळते, पुन्हा ऊन पडतं. सलग दोन दिवस भरून राहिलेलं आभाळही कधी कधी वाट्याला येतं, म्हणून अशा दिवसांत मुलांसाठी आत बसून खेळायची सोय असलेलं रिसॉर्ट बघावं. दर बरेच उतरलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत हवा बहुधा बरी मिळते आणि नाताळचे दर अजून लागलेले नसतात. मला विचाराल तर आपल्या शाळांच्या वेळापत्रकात बसणारा सगळ्यात चांगला काळ तोच.

पावसाळी महिन्यांची एक मोठी देणगी आहे. बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबरच्या सुमारास मांटा, म्हणजे आपल्याकडच्या पाकटाचे प्रचंड भाऊबंद, प्लवक खायला गोळा होतात. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे. हनिफारूत स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारायला, बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, तेही मार्गदर्शकाबरोबर आणि ठरावीक वेळ. ही सहल प्लॅनमध्ये नसते, पण दहा-बारा वर्षांच्या पोहता येणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठं काही दाखवता येईल असं मला वाटत नाही.

वॉटर व्हिला घ्यायचा की किनाऱ्यावरचा?

मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर किनाऱ्यावरचा, यात मला शंका नाही. पाण्यावरच्या व्हिलाच्या मागच्या फळ्यांना पुष्कळदा कठडा नसतो आणि लाकडी पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. काही रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत. शिवाय लांबच लांब लाकडी पुलावरून भर दुपारी जेवायला चालत यायचं. गाडी बोलावली तर येते, पण वाट बघावी लागते. किनाऱ्यावरच्या व्हिलात दार उघडलं की वाळू. मुलं समोर खेळतात आणि आजोबा ओट्यावर बसून त्यांच्यावर नजर ठेवतात. एका रात्रीची हौस असेल तर शेवटची रात्र वॉटर व्हिलात, असं मिळतं का विचारा.

एका खोलीत सहसा दोन मोठे आणि दोन मुलं एवढीच परवानगी असते. तीन पिढ्या असतील तर दोन बेडरूमचा व्हिला आणि शेजारशेजारचे दोन व्हिला, दोन्हींचे दर मागवा. शेजारचेच हवेत हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

मुलांचे पैसे कसे धरतात?

प्रत्येक रिसॉर्टचा नियम निराळा. बारा वर्षांखालच्या दोन मुलांचं राहणं-खाणं फुकट, अशी योजना काही ठिकाणी असते. त्यातही ट्रान्सफर आणि ग्रीन टॅक्स मात्र लागतोच. वय प्रवासाच्या तारखेला मोजतात, बुकिंगच्या नाही. मूल जानेवारीत बारा पूर्ण करणार असेल तर डिसेंबरात जाऊन या. किड्स क्लब साधारण तीन-चार वर्षांपासून पुढे, दिवसा फुकट; त्याहून लहान बाळाला सांभाळायला कुणी हवं असेल तर तासावर पैसे. काही रिसॉर्टं फक्त मोठ्यांसाठी असतात. बुकिंगच्या साइटवर मुलाचं वय भरल्याशिवाय ते कळत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. आईचे उपास असतात. हाल होतील का?

हाल होत नाहीत, फक्त आधी कळवायला हवं. बऱ्याच रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांत भारतीय आचारी असतात आणि बुफेत डाळ, भात, एखादी भाजी, नान हे रोजचंच झालं आहे. ईमेलमध्ये फक्त ‘व्हेज’ लिहून थांबू नका. मासे चालत नाहीत, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, असं सुटं सुटं लिहा. तिथल्या जेवणात सुकवलेला ट्युना बारीक करून चटणीत, सांबोलात, भाजीत घालतात, आणि थाई पदार्थांत फिश सॉस असतो. नजरेला भाजीच दिसते. पोहोचल्यावर मुख्य आचाऱ्याला एकदा प्रत्यक्ष भेटा. आम्ही भेटलो त्यानंतर सासूबाईंसाठी रोज रात्री फुलके वेगळे करून यायचे, न मागता.

उपासाला फळं, दही, उकडलेले बटाटे, शहाळं मिळतं. साबुदाणा आणि वरीची अपेक्षा धरू नका. राजगिऱ्याचे लाडू, चिवडा, खाकरे असं बंद पाकिटातलं कोरडं खाणं बरोबर न्यावं. ताजी फळं, भाज्या, रोपं नेऊ नयेत.

आणि जे मासे खातात त्यांनी एका सकाळी ऑम्लेट सोडून ‘मास हुनी’ मागावं: ट्युना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू हातानं कालवलेलं, सोबत ‘रोशी’ नावाची पातळ पोळी. मालवणच्या माणसाला ती चव परकी वाटणार नाही.

आजी-आजोबांना झेपेल का?

झेपतं, आणि माझ्या मते अशा सहलीचा खरा फायदा त्यांनाच होतो. रोज सामान बांधायचं नाही, बसमध्ये बसायचं नाही, देवळाच्या पायऱ्या नाहीत. अडचण एकाच जागी येते: धक्क्यावरून बोटीत उतरताना. बोट हलत असते, पायरी ओली असते, आणि साडीच्या निऱ्या पायात येतात. प्रवासाच्या दिवशी सलवार-कमीज आणि मागे पट्टा असलेली चप्पल घालायला लावा. दोन्ही बाजूंनी हात धरायला कर्मचारी उभे असतातच, पण आजींनी ‘मी उतरते हो’ म्हणून घाई करू नये. गुडघे दुखत असतील तर जेवणघराजवळचा व्हिला मागा आणि आंघोळीची जागा सपाट आहे का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी न्हाणीघर उघड्या आकाशाखाली आणि पायऱ्यांचं असतं.

व्हिसा, कागदपत्रं?

आधी व्हिसा काढावा लागत नाही, पोहोचल्यावर विनामूल्य शिक्का मिळतो. परतीचं तिकीट आणि रिसॉर्टचं निश्चित बुकिंग दाखवावं लागतं. प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, बाळाचासुद्धा. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइट आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक असावी. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे घरात सगळ्यात आधी तोच संपलेला सापडतो.

सामानात काय नेऊ नये?

मालदीव हा मुस्लिम देश आहे आणि तिथले सीमाशुल्क नियम कडक आहेत. दारू नेता येत नाही. विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधली सीलबंद बाटलीसुद्धा उतरल्यावर ठेवून घेतात आणि परत जाताना देतात. डुकराचं मांस, ई-सिगारेट, व्हेप नेऊ नये.

आपल्या घरांसाठी महत्त्वाचं म्हणजे पूजेच्या मूर्ती आणायलाही बंदी आहे. आजींच्या पर्समधला चांदीचा छोटा गणपती किंवा प्रवासात बरोबर असणारा बाळकृष्ण घरच्या देवघरातच राहू द्या. विमानतळावर मूर्ती काढून ठेवायला सांगितलं तर त्यांचा सगळा प्रवास हळहळीत जातो. पोथी-जपाचं मोबाइलवर वाचता येतं.

झोपेच्या, मानसिक आजाराच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच. आणि एक साधी गोष्ट: तिथे चौकोनी तीन दांड्यांचा ब्रिटिश प्लग असतो, त्याचा अ‍ॅडॅप्टर घ्या.

पोहता येत नाही. मग तिथे जाऊन काय करणार?

पाण्यात जा. पोहता न येणाऱ्यांनी मालदीवला जाऊन फक्त फोटो काढून परत यावं, याचं मला फार वाईट वाटतं. जॅकेट घालून तरंगता येतं, चष्मा आणि नळी लावून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनही मासे दिसतात. पहिल्या दिवशी पोहण्याच्या तलावात सराव करा: नाकानं नाही, तोंडानं श्वास. दहा मिनिटांत जमतं. मग समुद्र.

बेटाच्या कडेला लागूनच प्रवाळ असेल तर त्याला ‘हाउस रीफ’ म्हणतात. किनाऱ्यापासून रीफचा काठ किती मीटरवर आहे, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा, कारण काही सुंदर दिसणाऱ्या बेटांना नुसतं उथळ पांढरं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं शांत पाणी, असतं आणि मासे बघायला रोज पैसे देऊन बोटीनं जावं लागतं. जिथे रीफ जवळ आहे तिथे सकाळी नाश्त्याआधी जा. पाय खाली सोडून तरंगत काठापाशी आलात की तळ एकदम संपतो. विहिरीच्या काठावरून आत डोकवावं तसं खाली गडद निळं दिसतं. कान पाण्यात असले की कुरकुर ऐकू येते. ते पोपटमासे असतात, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असलेले. तो प्रवाळ त्यांच्या पोटात दळला जाऊन वाळू होऊन बाहेर पडतो. तुम्ही ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर बसलेले असता त्यातली कितीतरी वाळू याच माशांनी तयार केलेली आहे. मुलांना हे सांगून मग पाण्यात न्या, दोन दिवस दुसरं काही मागणार नाहीत.

प्रवाळ जिवंत असतो. त्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा इथला पुष्कळ प्रवाळ पांढरा पडून मेला. काही ठिकाणी तो पुन्हा वाढतो आहे, काही ठिकाणी नुसता राखाडी चुरा आहे.

मुलांसाठी समुद्र सुरक्षित आहे का?

लगून उथळ आणि शांत असतं. पण जीवरक्षक सगळीकडे नसतो, त्यामुळे मोठ्यांपैकी एकानं पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि फोन खाली ठेवायचा. लगूनमधून बाहेर पडायच्या खिंडीत पाण्याला जबर ओढ असते. तिथे जायचं नाही. ओढ कुठल्या बाजूला आहे हे डाइव्ह सेंटरवाले रोज सांगतात, विचारून घ्या.

काठाशी हातभर लांबीच्या मुशी फिरताना दिसतील, पंखाचं टोक काळं असलेल्या. त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत, मुलांनी पाठलाग केला की पळतात. पाकट वाळूत दबून बसतात, म्हणून पाय घासत चालायचं. सावध राहायचं ते टायटन ट्रिगरफिशपासून: अंड्यांवर राखण करत असेल तर तो अंगावर येतो आणि चावतो. दिसला की बाजूला सरकायचं, त्याच्या डोक्यावरून जायचं नाही.

ऊन मात्र निर्दय आहे. विषुववृत्त इतकं जवळ की ढगाळ दिवशीही पाठ भाजून निघते. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टीशर्ट घाला, मोठ्यांनीही घाला. अकरा ते तीन सावलीत.

कपड्यांचे काही नियम?

रिसॉर्टवर फारसे नाहीत, जेवणघरात ओले कपडे नकोत. वस्ती असलेल्या बेटावर किंवा मालेत फिरायला गेलात तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

कुणी आजारी पडलं तर?

बहुतेक मोठ्या रिसॉर्टांत डॉक्टर किंवा छोटा दवाखाना असतो, पण सगळीकडे नाही. मधुमेह, हृदयविकार असलेलं माणूस बरोबर असेल तर हे लेखी विचारा. मोठं इस्पितळ मालेत. तिथलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय भारताच्या मदतीनं उभं राहिलेलं आहे. बेटावरून तिथवर नेण्याचा खर्च अफाट होऊ शकतो, म्हणून प्रवासविमा सगळ्यांचा काढा आणि आजी-आजोबांचे जुने आजार फॉर्मवर खरे लिहा. स्कूबा करणार असाल तर शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही.

एवढे पैसे घालण्यापेक्षा तारकर्ली काय वाईट?

वाईट मुळीच नाही. मालवणात घरगुती राहणी, सोलकढी, चुलीवरची सुरमई आणि संध्याकाळी रापण ओढताना बघणं हे मालदीवमध्ये कितीही डॉलर टाकून मिळणार नाही. पण पाण्याचा तो नितळपणा आणि दारातला प्रवाळ आपल्या किनाऱ्यावर नाही, तो तिथेच. मधला मार्गही आहे: माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहायचं, बोटीनं रोज समुद्रात जायचं. खर्च कितीतरी कमी होतो. तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच घालता येतात. शाकाहारी, न पिणाऱ्या आणि समुद्राचीच ओढ असलेल्या कुटुंबाला मी हाच पर्याय आधी सुचवते.

टिप द्यावी लागते का?

सेवाशुल्क आधीच घेतलेलं असतं, सक्ती नाही. खोली आवरणाऱ्याला आणि रोज वाढणाऱ्याला निघताना थोडे डॉलर हातात द्यावेत. घरापासून महिनोन् महिने लांब राहून ही मुलं काम करतात.

विमान रात्रीचं आणि खोली बारा वाजता सोडायची. मधला वेळ?

बॅगा रिसेप्शनला ठेवून तलाव आणि किनारा वापरू देतात. आंघोळीसाठी वेगळी खोली असते. जेवणाचा प्लॅन मात्र अनेक ठिकाणी खोलीबरोबरच बाराला संपतो, म्हणून शेवटच्या दिवशीचं दुपारचं जेवण धरलेलं आहे का ते आधीच विचारा. काही रिसॉर्टांची घड्याळं मालेच्या पुढे एक तास असतात. बोट किंवा सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाची ते पक्कं करा. ओले कपडे वाळवूनच भरा, नाहीतर वीस किलोंची मर्यादा ओलांडते. प्रवाळाचे तुकडे मुलांच्या खिशांतून काढून परत वाळूत टाका, ते देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि बिल आदल्या रात्रीच मागवून एकेक ओळ वाचा: ‘धरलेलं’ म्हणून घेतलेली एखादी कॉफी किंवा कयाक तिथे जादा म्हणून लागलेली सापडते आणि मूळ ईमेल दाखवला की लगेच वजा करतात. सकाळी धक्क्यावर बोट सुरू झाल्यावर त्यासाठी कुणालाच वेळ नसतो.